पडद्यावरचा ‘क’ किती उंच?

लॅपटॉपच्या दुकानात जाऊन ‘नजर अधू आहे, झेपेल असा दाखवा’ म्हटलं की विक्रेत्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं : मोठा स्क्रीन घ्या. मोठा म्हणजे ‘पंधरा-सहा’, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १५.६ इंच. घरातला संगणकातलं कळणारा भाचा वेगळंच सांगतो : फुल एचडी घेऊ नका, त्यात अक्षरं बारीक दिसतात, साधा एचडी बरा. व्हिडिओ पाहून आलेला शेजारी म्हणतो, घ्यायचाच तर फोर-के घ्या, डोळ्यांना आराम. तिघांनाही मदतच करायची असते. पण ज्याला वाचायचं आहे त्याला चष्म्यासकट किती दिसतं, तो पडद्यापासून किती लांब बसतो आणि दिवसभर काय वाचतो, हे तिघांपैकी कुणीच विचारलेलं नसतं. या प्रश्नांची उत्तरं मिळाली की इंच आणि पिक्सेल साध्या हिशेबाने ठरवता येतात, असं माझं मत आता पक्कं झालं आहे.

हा हिशेब मी मांडायला घेतला तो एका मुद्रितशोधक बाईंसाठी. या व्यवसायात त्यांना सगळे ताईच म्हणतात. वय सदुसष्ट. दिवाळी अंकांच्या दिवसांत पूर्वी त्यांच्याकडे ओल्या शाईच्या वासाची प्रुफं यायची, आता पीडीएफ येतात. जुन्या मधुमेहामुळे दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते, त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात. चांगल्या डोळ्याची नजर, उत्तम चष्मा लावून, ६/१८. त्या मला म्हणाल्या, “अगं, मजकूर मी वाचते गं. पण अनुस्वार दिसत नाही, तो आहे असं धरून चालते. मुद्रितशोधकाने धरून चालायला लागायचं म्हणजे काम सोडायची वेळ आली.” काम सोडायची त्यांची तयारी नव्हती, आणि मलाही ते पटणारं नव्हतं.

सुरुवात त्या ६/१८ पासूनच केली पाहिजे, कारण हा आकडा बहुतेकांच्या फाइलमध्ये असतो आणि त्याचा पुढे कुणी उपयोग करत नाही. नेत्रतपासणीचा तो अक्षरांचा तक्ता उट्रेक्टच्या हर्मन स्नेलन यांनी १८६२ साली प्रसिद्ध केला. साधारण नजरेचा माणूस अठरा मीटरवरून जे अक्षर ओळखतो, ते ६/१८ नजरेच्या माणसाला सहा मीटरवर यावं तेव्हा ओळखू येतं. आपल्याकडच्या दिव्यांग व्यक्ती अधिकार अधिनियमात, २०१६ च्या कायद्यात, अल्पदृष्टीची व्याख्या इथूनच सुरू होते आणि ३/६० पर्यंत जाते. ताई त्या उंबरठ्यावर आहेत.

तक्त्यातलं ६/६ च्या ओळीचं अक्षर सहा मीटरवर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असतं. अंतर कमी झालं की त्याच प्रमाणात लहान अक्षर चालतं. म्हणजे ४० सेंटिमीटरवर ६/६ नजरेला जेमतेम ०.६ मिलिमीटरचं अक्षर ओळखता येईल, आणि ६/१८ ला त्याच्या तिप्पट, पावणेदोन मिलिमीटरचं. पण हे झालं ओळखण्याच्या कडेवरचं अक्षर. त्या मापाचं पान कुणी वाचू शकत नाही, फक्त एकेक अक्षर लावू शकतं. सलग वाचायचं तर निदान दुप्पट उंची लागते. मिनेसोटा विद्यापीठातले गॉर्डन लेग यांनी आयुष्यभर वाचन आणि अल्पदृष्टी यांचा अभ्यास केला. त्यांची स्वतःची नजरही लहानपणापासून अधू आहे. अक्षररचनाकार चार्ल्स बिगेलो यांच्यासह २०११ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं, की निरोगी डोळा ४० सेंटिमीटरवर साधारण १.४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतच्या रोमन लहान अक्षरांत सारख्याच वेगाने वाचतो. चांगल्या नजरेला दहापट मोकळीक असते, म्हणून तिला अक्षराच्या मापाचा विचारच करावा लागत नाही. अधू नजरेची ती मोकळीक खालच्या बाजूने संपत जाते.

देवनागरीला यापेक्षा जास्त लागतं. तक्त्यातल्या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि दोन मोकळ्या पट्ट्या असतात. ‘ष्ठ’, ‘द्ध’ किंवा ‘ङ्म’मध्ये तेवढ्याच उंचीत कितीतरी जास्त वळणं कोंबलेली असतात. शिवाय वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार. म्हणून मराठीसाठी मी दुपटीऐवजी तिप्पट धरते. ताईंच्या बाबतीत ४० सेंटिमीटरवर सव्वापाच मिलिमीटर, शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंत. ज्याची नजर ६/३६ आहे त्याला त्याच अंतरावर साडेदहा लागतील. हे मापायला शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी पुरते. पडद्यावर धरायची आणि ‘क’ मापायचा.

आता पडद्याकडे वळू. १५.६ इंची साध्या एचडी पडद्यावर १३६६ आडवे आणि ७६८ उभे पिक्सेल असतात, म्हणजे इंचाला सुमारे १००. त्याच मापाच्या फुल एचडीवर १९२० आणि १०८०, म्हणजे इंचाला १४१. चौदा इंची फुल एचडीवर १५७. पूर्वी विंडोजमधलं अक्षर ठरावीक पिक्सेलांचं असायचं, त्यामुळे पिक्सेल लहान झाला की अक्षरही लहान व्हायचं. भाच्याचा सल्ला त्या काळातला आहे आणि त्या काळात तो बरोबर होता. आता सेटिंग्जमध्ये ‘डिस्प्ले’त ‘स्केल’ नावाची सोय असते. १०० टक्क्यांवरून १२५, १५०, २०० असं वाढवता येतं आणि अक्षर, खिडक्या, बटणं सगळंच मोठं होतं. नुसतं अक्षर वाढवायचं तर ‘अॅक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइझ’ २२५ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे अक्षराची उंची आता विकत घ्यायची गोष्ट उरलेली नाही, ती ठरवता येते. पिक्सेल जास्त असले तर तेच मोठं अक्षर रेखीव उमटतं.

इथे घरोघरी एक चूक होते. अक्षरं बारीक दिसतात म्हणून मदतीला आलेला माणूस स्केलला हात न लावता रेझोल्यूशनच खाली आणतो. फुल एचडी पडदा १३६६ वर ठेवतो. अक्षर मोठं होतं खरं, पण चित्रातल्या एका ठिपक्यासाठी पडद्यावरचे १.४ पिक्सेल वापरायची वेळ येते. पिक्सेल अर्धा पेटत नाही, म्हणून प्रत्येक रेघेच्या कडेला राखाडी धूसरपणा येतो. ज्याची नजर आधीच धूसर आहे त्याच्यासाठी हे फार वाईट. ताईंच्या जुन्या लॅपटॉपवर हेच करून ठेवलं होतं आणि त्या डोळ्यांना दोष देत होत्या. पडद्याचं रेझोल्यूशन नेहमी ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच ठेवावं.

मराठी प्रकाशनात एक अडचण वेगळी आहे. पानं जुळवायला अजून अनेक ठिकाणी पेजमेकर हे सॉफ्टवेअर वापरतात. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. तिला स्केल ही गोष्टच माहीत नाही. त्यामुळे नव्या दाट पडद्यावर तिची बटणं एकतर मुंगीएवढी दिसतात किंवा विंडोज ती ताणून धूसर करतं. ज्यांचं पोट अशा जुन्या सॉफ्टवेअरवर आहे त्यांनी फार दाट पडदा घेऊ नये. त्यांच्यासाठी इंचाला शंभराच्या आसपास पिक्सेल असलेला वेगळा मॉनिटर उत्तम. दाट पडद्याबाबतचा भाच्याचा सल्ला इथे अजून लागू पडतो.

मग फुल एचडीहूनही दाट अशा फोर-केचं काय? ६/१८ च्या डोळ्याला ४० सेंटिमीटरवरून सुमारे ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. फुल एचडीचा पिक्सेल १५.६ इंचावर ०.१८ मिलिमीटर असतो. म्हणजे तो आधीच डोळ्याच्या क्षमतेच्या निम्मा आहे. डोळा २० सेंटिमीटरवर आणला तर दोन्ही जुळतात. याहून दाट पडद्याचे पैसे अशा डोळ्याला परत मिळत नाहीत, बॅटरी मात्र लवकर उतरते. साध्या एचडीचा पिक्सेल ०.२५ मिलिमीटर. लांबून चालतो, पण जवळ गेलं की अक्षराच्या कडेला जिना दिसायला लागतो, आणि अधू नजरेचा माणूस जवळ जातोच. म्हणून फुल एचडी ही माझी खालची मर्यादा. जुन्या, रिफर्बिश्ड लॅपटॉपच्या बाजारात, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, एकाच मॉडेलचे दोन्ही पडदे विकायला असतात. थिंकपॅड टी-४८० चंच उदाहरण घ्या. तो १३६६ मध्येही निघाला, १९२० मध्येही आणि २५६० मध्येही. बाहेरून ओळखू येत नाही. डिस्प्लेची सेटिंग उघडूनच पाहावं लागतं.

इंच वाढवल्याने किती फरक पडतो, हे पाहून मला स्वतःला आश्चर्य वाटलं. दिवाळी अंकाचं पान साधारण १८ सेंटिमीटर रुंद धरू, त्यातला ‘क’ सव्वादोन मिलिमीटर. चौदा इंची पडदा ३१ सेंटिमीटर रुंद असतो. पान पूर्ण रुंदीला बसवलं की ‘क’ ३.९ मिलिमीटर होतो. पंधरा-सहाची रुंदी ३४.५ सेंटिमीटर, ‘क’ ४.३. ज्यासाठी दुकानदार एवढा आग्रह धरतो त्या दीड इंचाने अक्षर अकरा टक्के वाढतं. पण लॅपटॉप टेबलावर ५५ सेंटिमीटरवर असेल आणि तो ४० वर ओढला, तर तेच अक्षर डोळ्यासाठी ३७ टक्के वाढतं, एक रुपयाही न खर्चता. अंतर निम्मं केलं की अक्षर दुप्पट. अल्पदृष्टी तज्ज्ञ सगळ्यात आधी हेच सांगतात.

‘एवढ्या जवळून पाहू नकोस, डोळे जातील’ ही भीती आपल्या घरांतून फार खोल बसली आहे. वाढत्या वयाच्या मुलांचा प्रश्न वेगळा. जवळच्या कामाचा आणि लघुदृष्टीचा संबंध तिथे विचारात घ्यावा लागतो. पण मधुमेहाने किंवा वयाने दृष्टिपटल बिघडलेल्या प्रौढ माणसाने पडदा नाकाशी धरला म्हणून त्याचा आजार वाढत नाही. ताईंना हे त्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगेपर्यंत त्या चोरून पुढे वाकत होत्या.

जवळ जाण्याला एक अट आहे, आणि ती चष्म्याची आहे. साठीनंतर डोळ्याच्या भिंगाची जवळ पाहण्यासाठी बदलण्याची ताकद संपलेली असते. ती चष्म्याने भरून काढावी लागते : ६० सेंटिमीटरसाठी सुमारे १.६७ डायॉप्टर, ४० साठी २.५, आणि २५ साठी तब्बल ४. आपली नेहमीची चाळिशी पुस्तकाच्या अंतराची, चाळीसच्या आसपासची असते. तीच लावून २५ सेंटिमीटरवर गेलं की अक्षर मोठं आणि धूसर दिसतं, आणि माणूस समजतो की आता डोळेच गेले. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर आणखी एक त्रास. वाचनाचा नंबर काचेच्या तळाशी असतो, त्यामुळे पडदा पाहण्यासाठी हनुवटी वर करावी लागते आणि संध्याकाळपर्यंत मान धरते. म्हणून लॅपटॉप घेण्याआधी घरच्या टेबलावर बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजावं आणि तो आकडा चष्मा करणाऱ्याला सांगावा. त्या एकाच अंतराचा, पूर्ण काचेचा चष्मा करून मिळतो. ज्यांना लघुदृष्टीचा उणे चारचा नंबर आहे त्यांना हे आयतंच मिळालेलं असतं. चष्मा काढला की २५ सेंटिमीटरवर त्यांना स्वच्छ दिसतं.

आतापर्यंत मी मोठ्या अक्षराच्या बाजूने बोलले. पण अधू नजर एका जातीची नसते. नाशिकला बँकेच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या एका तरुणाशी बोलले. त्याला रेटिनायटिस पिगमेंटोझा आहे. मधली नजर चांगली, ६/९, पण कडेचं दिसणं आवळत आवळत दहा अंशांवर आलं आहे. घरच्यांनी प्रेमाने त्याला १७.३ इंची लॅपटॉप घेऊन दिला होता. पन्नास सेंटिमीटरवरून त्याला एका वेळी पावणेनऊ सेंटिमीटरचं वर्तुळ दिसतं, आणि तो पडदा ३८ सेंटिमीटर रुंद. माउसच्या बाणाचं टोक कुठे गेलं हे शोधण्यातच त्याचा वेळ जायचा. अक्षर मोठं केलं की त्या वर्तुळात दोन शब्दसुद्धा मावत नसत. आता तो १३.३ इंची फुल एचडी वापरतो, स्केल १२५ टक्के, बाण जाड आणि पिवळा. त्याच्यासाठी लहान, दाट, रेखीव पडदा हाच योग्य पडदा. काचबिंदूने कडा गेलेल्यांनाही हेच लागू. ‘नजर कमी म्हणजे स्क्रीन मोठा’ असं सरसकट सांगणारा माणूस अशांचं नुकसान करतो, हे मला ठासून सांगायचं आहे.

मोतीबिंदू किंवा पारपटलावर डाग असेल तर तिसरीच गोष्ट. तिथे उजेड डोळ्याच्या आत विखुरतो, आणि पांढरा पडदा म्हणजे डोळ्यात टाकलेला झोत. लेग यांच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकातच नोंदवलं होतं, की डोळ्यातली माध्यमं गढूळ असणारे लोक काळ्यावर पांढरं अक्षर अधिक वेगाने वाचतात. विंडोजमधल्या ‘कॉन्ट्रास्ट थीम’ यासाठीच आहेत. शस्त्रक्रियेची तारीख जवळ असेल तर लॅपटॉपची खरेदी तिच्यानंतर करावी, कारण नंतरचा डोळा वेगळाच असतो.

पडद्याच्या जातीबद्दल थोडक्यात सांगते. काच चकचकीत नको, मॅट हवी. स्वस्त टीएन पॅनल टाळून आयपीएस घ्यावं, कारण टीएनला तोंड जवळ नेलं की वरच्या आणि खालच्या ओळी वेगळ्या रंगाच्या दिसतात. उजेड २५० निट्सपेक्षा ३०० किंवा जास्त बरा. कमी कधीही करता येतो. निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यावर पैसे घालू नयेत. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. १६:१० प्रमाणाचा सोळा इंची पडदा रुंदीला पंधरा-सहाएवढाच असतो, पण उंचीला दोन सेंटिमीटर जास्त, आणि मोठ्या अक्षरात वाचणाऱ्याला त्या दोन सेंटिमीटरांत दोन ओळी जास्त मिळतात.

अक्षरवळणाचाही वाटा आहे. विंडोज २००० मध्ये आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. देवनागरीला संगणकावर उभं करणाऱ्या कामांपैकी ते एक मोठं काम. आज जास्त जाडीचे पर्याय मिळतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत आहे आणि त्याच्या अनेक जाड्या आहेत. वर्डमध्ये वाचताना ताई ‘मुक्ता मीडियम’ लावतात, कारण त्यांच्या डोळ्यांना रेघेची जाडी उंचीइतकीच लागते. पीडीएफमध्ये हे स्वातंत्र्य नसतं.

दुकानात ताईंबरोबर मीही होते. मांडलेल्या प्रत्येक पडद्यावर रंगीत माशांचा व्हिडिओ चालू होता. ताईंनी पेनड्राइव्हवर मागच्या वर्षीच्या अंकाचं एक पान नेलं होतं. विक्रेता म्हणाला, “काकू, पिक्चर क्वालिटी बघा ना.” ताई म्हणाल्या, “मला हे पान बघू दे, बाळा.” मुलगा भला होता. त्याने प्रत्येक लॅपटॉपवर ते पान उघडून दिलं, स्केल बदलून दाखवला, खुर्ची आणून दिली. ताईंनी पट्टी काढली. पंधरा-सहावर ४.३, सव्वापाचपेक्षा कमी. पान आणखी मोठं करता येत होतं, पण मग ओळ पडद्याबाहेर जात होती, आणि ओळीमागे ओळ डावी-उजवीकडे सरकवत दिवाळी अंक वाचणं कुणालाच शक्य नाही. विंडोजची कळ आणि अधिकचं चिन्ह दाबून येणारं भिंग तिप्पट केलं, तर पडद्याचा नववा भाग शिल्लक राहतो. सतरा इंची उचलून त्यांनी लगेच खाली ठेवला, मनगटाला झेपेना.

शेवटी हिशेबातून जे निघालं तेच घेतलं. साधा चौदा इंची, मॅट, फुल एचडी लॅपटॉप, आणि वाचलेल्या पैशांत २४ इंची मॉनिटर, टेबलाला आवळायच्या हलत्या दांडीवर. मॉनिटरची रुंदी ५३ सेंटिमीटर, तिथे तोच ‘क’ साडेसहा मिलिमीटर होतो. नेहमीच्या स्टँडवरचा मॉनिटर भिंतीशी बसतो आणि माणसाला टेबलावर वाकावं लागतं. दांडीमुळे पडदाच चेहऱ्यापाशी येतो, पाठ खुर्चीला टेकलेली राहते. एका जागी बसून काम करणाऱ्यासाठी कुठल्याही महागड्या लॅपटॉपपेक्षा मी हीच जोडी सुचवेन. ताईंना अनुस्वार दिसायला लागले. एखाद्या दिवशी सूज वाढलेली असते आणि पुन्हा दिसेनासे होतात. त्या दिवशी त्या स्केल वाढवतात किंवा काम बाजूला ठेवतात.

अशा दिवसांसाठी कान वापरता येईल, असं आम्हाला वाटलं होतं. एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत आहे आणि त्याला मराठीही वाचता येतं. वर्डमधला युनिकोड मजकूर तो नीट वाचतो, आणि सुटलेला शब्द कानाला डोळ्याआधी कळतो. पण छापखान्यातून आलेली पीडीएफ लावली, तर निरर्थक रोमन अक्षरांचा कल्लोळ ऐकू येतो, कारण ती पानं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली असतात. पडद्यावर मराठी दिसतं, आत मराठी नसतंच. ज्यांची नजर ६/६० च्या खाली गेली आहे, ज्यांच्यासाठी कुठलाच पडदा पुरेसा मोठा नाही, त्या वाचकांनाही आपले अंक असेच बंद आहेत. हे संपादकांच्या आणि जुळणी करणाऱ्यांच्या हातात आहे : लेखकाकडून युनिकोडमध्ये आलेला मजकूर शेवटच्या पानापर्यंत युनिकोडमध्येच ठेवायचा. ताईंनी आपल्या तिन्ही प्रकाशकांना तसं पत्र पाठवलं आहे, आणि एकाने पुढच्या अंकापासून करतो असं कळवलंय.